मोटारीचा रंग पत्र्यापर्यंत उतरवणे

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना बॉडीवरचा रंग, प्रायमर, पुट्टी आणि गंज हे सारे काढून धातू पूर्ण उघडा करण्याचे काम. ते खर्चिक आणि वेळखाऊ आहेच, शिवाय एकदा केले की मागे फिरता येत नाही. म्हणून कसे करायचे याआधी करायचे की नाही, हे ठरवावे लागते. त्याचा निर्णय गाडीच्या वयावर सोपवता येत नाही. अंगावर आज जे थर आहेत ते किती धडधाकट आहेत, ते बघावे लागते.

कारखान्यातल्या मूळ थरांना कमी लेखण्याची चूक सर्रास होते. १९७० च्या दशकापासून मोठ्या उत्पादकांकडे अशी पद्धत रूढ होत गेली की, बॉडीवर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करायची, मग ती प्रायमरच्या टाकीत बुडवायची आणि विजेच्या प्रवाहाने प्रायमर पत्र्यावर बसवायचा. हा थर जेमतेम २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, पण तो दारांच्या पोकळ्यांत आणि सांध्यांच्या कडांपर्यंत पोहोचतो आणि भट्टीत भाजून पक्का होतो. कोणत्याही गॅरेजमध्ये फवाऱ्याने इतके सर्वदूर संरक्षण देता येत नाही. काही गाड्यांच्या पत्र्यावर त्याखाली जस्तही असते. पोर्शे ९११ ला ते १९७६ च्या मॉडेलपासून, तर ऑडी ८० ला १९८६ पासून मिळाले. जस्ताचा हा थरही काही मायक्रॉनांचाच असतो आणि ग्राइंडरच्या एका फेरीत निघून जातो. त्यामुळे मूळ प्रायमर घट्ट असेल, तर वरचा रंग पॉलिश पेपरने घासून त्यावरच नवा रंग देणे अधिक शहाणपणाचे ठरते. ‘पूर्ण उघड्या पत्र्यापासून केलेले काम’ ही उत्तम दर्जाची खूण म्हणून सांगितली जाते. पण धडधाकट थर उतरवलेले असतील, तर त्या कामाने गाडीचे नुकसानच झालेले असते.

तपासणीची सुरुवात जाडी मोजण्याच्या यंत्राने होते. कारखान्यातला रंग सर्वसाधारणपणे १०० ते १८० मायक्रॉन भरतो. ३०० च्या पुढचा आकडा बहुधा दुसऱ्यांदा रंग दिल्याचे सांगतो आणि १,००० च्या वर गेला, तर खाली पुट्टी आहे असे धरावे. मग पकड तपासायची: पात्याने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. चौकोन निघून आले, तर वरून दिलेला नवा रंगही त्यांच्याबरोबरच सुटणार. तिसरी चाचणी थिनरची. एखाद्या झाकलेल्या जागी थिनरने भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवायचे. रंग विरघळून फडक्याला लागला, तर ते लॅकर, म्हणजे नुसते द्रावक उडून वाळणारा रंग, आहे; मऊ पडून सुरकुतला, तर खालचा एखादा थर कच्चा आहे. दोन्ही प्रसंगी नव्या रंगातले द्रावक तोच परिणाम करू शकतात.

तडा गेलेले लॅकर हे पत्र्यापर्यंत जाण्याचे सर्वांत स्पष्ट कारण होय. जनरल मोटर्सने १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँ या रसायन कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरले आणि पुढे कित्येक दशके या जातीचे रंग मोटारींवर राहिले. असे लॅकर वयाबरोबर ठिसूळ होत आकसते आणि जितके जाड, तितके लवकर तडकते. तडे भरून वरून रंग दिला, तर काही काळ सारे छान दिसते. मग त्याच रेघा जशाच्या तशा वर उमटतात. अनेकदा रंगवलेली बॉडी, जाड पुट्टीखाली दडवलेला जुना अपघात आणि रंगाखाली धाग्यांसारखा पसरलेला गंज हीही तितकीच ठोस कारणे. दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीला आलेले फोड मात्र वेगळे असतात. तिथे गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. नुसता रंग उतरवून भागत नाही, पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

हा निर्णय पूर्ण गाडीसाठी एकदम घेण्याची गरज नसते. बॉनेट तडकलेले आणि छत धडधाकट, असे नेहमी आढळते. प्रत्येक पॅनलचा स्वतंत्र विचार करणे, हाच सर्वांत समंजस मार्ग आहे. गाडी दुर्मीळ असेल आणि तिचा मूळ रंग टिकून असेल, तर आणखी थांबावे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद पुनरुज्जीवनाआधी जतनाचा विचार करायला सांगते. मूळ रंग हा त्या गाडीचा पुरावा असतो आणि एकदा खरवडला की तो कायमचा गेला.

उतरवण्याच्या पद्धतींमध्ये वाळूच्या माऱ्याची (हवेच्या दाबाने वाळू फेकण्याची) सर्वांत जपून निवड करावी. बॉनेट, छत, दारे असे मोठे सपाट पत्रे त्याने वाकतात. दोष उष्णतेला दिला जातो. खरे म्हणजे कणांच्या लाखो आघातांनी पत्र्याची एकच बाजू ताणली जाते. शिवाय वाळूतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. सोड्याचा मारा सौम्य असतो, पण मागे राहिलेला सोडा नीट धुतला नाही, तर प्रायमर धरत नाही. आम्लात बुडवलेली बॉडी आतूनही स्वच्छ होते. मात्र सांध्यांत अडकलेले आम्ल नंतर झिरपत राहते. डायक्लोरोमिथेन हे द्रावक असलेली रंग काढण्याची रसायने सामान्य ग्राहकांना विकण्यावर युरोपीय संघात आणि अमेरिकेत बंदी आहे. जुन्या रंगांत आणि सांधे भरायच्या मिश्रधातूत शिसे असते, तेव्हा तिथे कोरडे घासणे टाळावे.

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांत गंजू लागतो. बोटांचे ठसेसुद्धा गंजून दिसतात. त्यामुळे त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर देता येत असेल, तेवढाच भाग उघडावा. गंज मारायला फॉस्फोरिक आम्ल वापरले असेल, तर ते पूर्ण धुवावे लागते, नाहीतर एपॉक्सीची पकड जाते. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती एपॉक्सीवर भरणे चांगले. आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्रायमरवर ती भरू नये. वेल्डिंग आणि ठोकाठोक बाकी असताना सगळी बॉडी उघडी करून महिनोन्महिने ठेवली, तर काम पुन्हा गंज काढण्यापासून सुरू करावे लागते.