खनिज समन्वेषण अनुदान

खनिज समन्वेषण अनुदान : खनिजसाठ्यांच्या शोधाचा काही खर्च सरकारने उचलण्याची पद्धत. करसवलती व सरकारी खात्यांची स्वतःची सर्वेक्षणे काही वेळा यातच धरली जातात. येथे ती वगळली आहेत.

पद्धतीचा आरंभ कोठे मानावा हे अनुदानाच्या व्याख्येवर ठरते. सुनिश्चित कालाचे एक मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. कोरियन युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये, तेथे संरक्षणोपयोगी खनिजांच्या शोधासाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले; १९५८ मध्ये त्याची जागा खनिज समन्वेषण कार्यालयाने घेतली. या कार्यालयाच्या एका करारात सरकारी वाटा कमाल २,५०,००० डॉलर असे. खाण चालू झाली तर उत्पादनावरील स्वामित्वधनातून, म्हणजे उत्पादनाच्या प्रमाणात द्यावयाच्या रकमेतून, तो वसूल होई. काहीच हाती न लागल्यास देणे उरत नसे. ब्रिटनच्या १९७२ च्या कायद्याने खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत मदत दिली, तीही व्यापारी उत्पादन सुरू झाल्यास परतफेडीच्या अटीवर. अशा रकमांना सशर्त कर्ज म्हणणे अधिक सयुक्तिक होय. तसे मानल्यास खऱ्या अनुदानाचा इतिहास बराच अलीकडे येतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात २००९ पासून विंधनाच्या, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडण्याच्या, प्रत्यक्ष खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. ती परत करावी लागत नाही. मोबदला माहितीच्या रूपाने घेतला जातो. विंधनातून निघालेला गाभा, म्हणजे खडकाची दंडगोल कांडी, खोबणीच्या पेट्यांत खोलीच्या क्रमाने रचून पर्थ किंवा कालगूर्ली येथील सरकारी गाभासंग्रहात जमा करतात. अहवालही ठरावीक मुदतीनंतर खुला होतो. कोरड्या गेलेल्या विंधनछिद्रावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे समर्थन यातच आहे : तेथे धातुक (धातू काढण्याजोगे खनिज) नाही एवढे कळले, तरी शेजारच्या क्षेत्रात शोध घेणाऱ्याचा खर्च वाचतो.

भारतात खाणी व खनिजे यांविषयीच्या कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय खनिज समन्वेषण न्यास आला. खाणपट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या २ टक्के रक्कम त्यात भरावयाची होती. २०२५ मध्ये हा हिस्सा ३ टक्के झाला. अमेरिकी योजनेत यशस्वी खाण स्वतःवरील खर्च फेडी; येथे चालू खाणी पुढच्या शोधाचा खर्च उचलतात. अधिसूचित खासगी संस्थांनाही न्यासाकडून निधी मिळतो. २०२३ च्या दुरुस्तीतील समन्वेषण अनुज्ञप्तीधारकाला (शोधाचा परवाना असलेल्याला) मात्र भावी पट्टेदाराच्या लिलाव-अधिमूल्यातही, म्हणजे लिलावातील बोलीनुसार त्याने द्यावयाच्या जादा रकमेतही, वाटा आहे.