पाण्यावर रिसर्च करायचाय? गेटचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

इंजिनिअरिंगला आहात आणि पुढे आर्सेनिक-फ्लोराईड काढणं, मेंब्रेन (पाणी गाळणारे पातळ पडदे), सांडपाण्याचा पुनर्वापर असल्या विषयात रिसर्च करायचाय तर गेट, म्हणजे इंजिनिअरिंगनंतरच्या शिक्षणासाठीची देशपातळीवरची परीक्षा, द्याच. गेट फक्त एमटेकसाठी असतं असं बरेच जण धरून चालतात पण तसं नाहीये, त्याच स्कोअरवर बऱ्याच आयआयटींमध्ये बीटेकनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणूनही लागता येतं.

पात्रता सोपी आहे. डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला किंवा त्याच्या पुढे असलात की झालं, वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो त्यामुळे तिसऱ्या वर्षातच दिलात तर डिग्री हातात येईपर्यंत तो वाया जात नाही. अर्जाचं पोर्टल साधारण ऑगस्टच्या शेवटाला उघडतं, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये.

आता खरा प्रश्न पेपरचा. २०२१ पासून ईएस म्हणजे एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग असा वेगळा पेपर आहे, त्यात पाणी शुद्धीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, हायड्रॉलिक्स सगळं येतं. पण सगळेच विभाग ईएसचा स्कोअर घेतात असं नाही, काहींना सीई (सिव्हिल) किंवा सीएच (केमिकल) लागतो. म्हणून आधी ज्या २-४ संस्था डोक्यात आहेत त्यांची गेल्या वर्षीची अ‍ॅडमिशन जाहिरात उघडा आणि पेपर कोणता मागितलाय ते बघा, मगच फॉर्म भरा. २ पेपर देता येतात पण फक्त ठरलेल्या जोड्यांमध्ये, आणि फी दोन्हीची. सिव्हिलवाल्यांना माझं मत विचाराल तर सीई मुख्य ठेवा, त्यात पर्यावरणाचा भाग असतोच आणि पर्यायही जास्त राहतात.

कागदपत्रांमध्ये फोटो, सही आणि ओळखपत्र लागतं, पण आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकात वडिलांचं नाव पूर्ण तर दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर! फॉर्ममध्ये नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि परीक्षेला तेच मूळ ओळखपत्र न्यायचं असतं, झेरॉक्स चालत नाही. आधार दुरुस्त करायचं असेल तर पोर्टल उघडायच्या आधीच उरका.

एससी, एसटी, दिव्यांग आणि मुलींना फी कमी आहे. ओबीसीवाल्यांनी एक लक्षात घ्या, राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. अ‍ॅडमिशनच्या वेळी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्ही दाखले साधारण त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचेच मागतात, जुना दाखवून भागत नाही, आणि सेतूत तेव्हा गर्दी असते.

निकालानंतर स्कोअरकार्ड लगेच उतरवून ठेवा, काही महिन्यांनी त्यालाच पैसे पडतात. एमटेकसाठी प्रत्येक आयआयटीत वेगळा अर्ज करायचा, ऑफर मात्र कोॲप या सगळ्या आयआयटींच्या एकाच पोर्टलवर फेऱ्यांमध्ये येतात, तिथे ॲक्सेप्ट अँड फ्रीझ दाबलं की त्या फेऱ्या तुमच्यापुरत्या संपल्या, त्यामुळे हवी ती ब्रँच नसेल तर रिटेन अँड वेट, म्हणजे ऑफर हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघा. एनआयटीसाठी सीसीएमटी ही वेगळी प्रवेश प्रक्रिया.

पैशाचं म्हणाल तर एमटेकला महिना १२,४०० मिळतात आणि जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० अधिक घरभाडं. आकडा बघून मोह होतो पण प्रोजेक्ट संपला की काम संपलं आणि पीएचडीला नाव नोंदवलेलं नसेल तर हातात डिग्री पण नाही, हे जॉइन होतानाच गाइडना विचारून घ्या. जेआरएफच्या जाहिराती नीरी (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था), आयआयटी वगैरेंच्या साइटवर वर्षभर येत असतात आणि मुदत थोडीच असते, म्हणून मार्कशीट, स्कोअरकार्ड, दाखले यांची एकच पीडीएफ करून ठेवा. मुलाखतीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरच जास्त खोदतात, कुठलं पाणी घेतलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) किती होता, किती वेळा मोजला, तेवढं तरी तोंडपाठ असू द्या.