तीन फेज म्हणजे ४१५ व्होल्ट नव्हे

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतून निघालेला जुना लेथ किंवा ड्रिल दांडिया बाजारातल्या एखाद्या घराच्या तळमजल्यावर येऊन पोहोचतो, त्याची मोटर तीन फेजची, तर घरात वीज सिंगल फेजची असते, आणि मग एका फेजच्या तीन करण्यासाठी ड्राइव्ह (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) घ्यावा की फेज कन्व्हर्टर हा प्रश्न निघतो. बडोद्यात बहुतेक जण या दोन्हींना ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. ही सवय मला मुळीच पसंत नाही, कारण त्यामुळे दुकानातून भलतीच वस्तू घरी येते.

दोन्हींतला वरवरचा फरक थोडक्यात सांगता येतो. रोटरी फेज कन्व्हर्टरमध्ये एक रिकामी फिरणारी मोटर तिसरी फेज तयार करते, उरलेल्या दोन तारा थेट पुरवठ्यातून येतात, आणि त्यावर अनेक यंत्रे चालू शकतात. ड्राइव्ह एका यंत्रासाठी असतो, पण वेग कमी-जास्त करू देतो. एकट्या लेथसाठी ड्राइव्हच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण व्होल्टेजची आहे. फेज एकाच्या तीन झाल्या की २३० चे ४१५ व्होल्टही आपोआप झाले, असे गृहीत धरले जाते, आणि ते या दोन्ही उपकरणांच्या बाबतीत चूक आहे. २३० व्होल्टचा साधा ड्राइव्ह आलेल्या एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि त्याचेच तुकडे पाडून तीन फेज घडवतो, त्यामुळे बाहेर दोन तारांमध्ये जास्तीत जास्त २३० च्या आसपासच व्होल्ट मिळतात. रोटरी कन्व्हर्टरच्या दोन तारा तर पुरवठ्याच्याच असतात, म्हणून पुढे ट्रान्सफॉर्मर नसेल तर तिथेही २३० च राहतात. अमेरिकी चित्रफिती पाहून जोडणी करणाऱ्यांना हे कळत नाही, कारण तिथे घरात २४० व्होल्ट असतात आणि लहान मोटरी बहुधा २३० वरही चालतील अशाच गुंडाळलेल्या असतात.

आपल्याकडे सुमारे २ अश्वशक्तीपर्यंतची मोटर बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेली असते. तिला तशीच २३० वर चालवली, तर जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने जेमतेम ३१ टक्के उरतो. म्हणून रिकामा लेथ छान फिरतो आणि हत्यार जॉबला लागताच दम तोडतो, आणि दोष बिचाऱ्या ड्राइव्हवर येतो. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्टच मिळत असतात, तेव्हा तीच मोटर डेल्टात, म्हणजे प्रत्येक गुंडाळी थेट दोन तारांमध्ये, जोडली की २३० व्होल्ट तिला जवळजवळ पुरतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर पट्ट्या फिरवण्याचे हे काम पाच मिनिटांचे आहे. तीनच टोके बाहेर असतील तर स्टारचा जोड गुंडाळीत दडलेला असतो आणि तो अनुभवी रिवाइंडिंगवाल्याकडूनच उघडून घ्यावा. डेल्टात तारांमधला करंट १.७३ पट होतो, म्हणून ड्राइव्ह निवडताना अश्वशक्तीवर न जाता डेल्टाचे अँपिअर पाहावेत.

याहून मोठ्या मोटरी बहुधा ४१५ लाच डेल्टात असतात, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. त्यांच्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर यांवर खर्च करण्यापेक्षा वीज कंपनीकडून थ्री फेज जोडणी घ्यावी, हेच मी प्रत्येकाला सांगतो.

ड्राइव्ह बसवल्यावर लेथचा जुना स्टार्टर किंवा उलट-सुलट फिरवणारा स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कधीही ठेवू नये, कारण चालू मोटरची तार तिथे तुटली की ड्राइव्हमधले ट्रान्झिस्टर जळू शकतात; तो स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर आणून जोडावा.