टेस्ट लिहिल्या त्याच क्रमाने चालतात का?

'फाइलमध्ये वरची टेस्ट आधी चालते, खालची नंतर' हे सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकताना हमखास कानावर पडतं. असं वाटणं साहजिक आहे, कारण पायटेस्टमध्ये (पायथन भाषेतल्या टेस्ट चालवायच्या साधनात) एरवी तसंच होतं. पण ती त्या साधनाची रीत, सगळ्यांची नव्हे.

पायथनचंच दुसरं साधन, युनिटटेस्ट घ्या. ते टेस्टचा क्रम त्यांच्या नावांच्या वर्णक्रमाने लावतं, म्हणून 'टेस्ट_१०' ही 'टेस्ट_२'च्या आधी धावते. जावात टेस्ट म्हणजे क्लासमधली एकेक मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा), आणि तिथे तर या मेथड कुठल्या क्रमाने मिळतील याची हमीच नाही. जावा ७ आल्यावर कित्येकांच्या टेस्ट यामुळेच फुटल्या. जेयूनिट या जावातल्या टेस्टच्या साधनात ४.११ आवृत्तीपासून क्रम दर वेळी तोच राहतो, पण तो तुम्ही लिहिलेला असेलच असं नाही.

पडताळणं सोपं आहे. जेयूनिट ५मध्ये क्लासला रँडम क्रम लावा आणि पाच-सात वेळा चालवा. एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल झाली, तर बहुधा ती दुसरीने मागे ठेवलेल्या डेटावर जगतेय. तिचा डेटा तिच्याच सेटअपमध्ये (टेस्टआधी चालणाऱ्या तयारीच्या कोडमध्ये) तयार करा.

क्रम खरंच हवा असेल (लॉगिन, खरेदी, मग रद्द) तर जेयूनिट ५मध्ये टेस्टवर @ऑर्डर(१), @ऑर्डर(२) अशा खुणा लिहा. मात्र क्लासवर @टेस्टमेथडऑर्डर किंवा कॉन्फिगरेशनमध्ये तशी सोय नसेल, तर ते आकडे नुसते शोभेचे.