पेपर विद्यार्थ्याचा, फी मात्र पूर्ण

कॉम्प्युटर सायन्समध्ये संशोधनाचा पेपर जर्नलपेक्षा कॉन्फरन्समध्ये येण्याला जास्त मान आहे, तो का, हे पुराण इथे नको. 1999 ला अमेरिकेतल्या एका संघटनेने प्रमोशनच्या वेळी कॉन्फरन्स पेपरला नीट वजन द्या असं लेखीच सांगितलं आणि तिकडे तो विषय बऱ्यापैकी संपला.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून गेली. 2010 मध्ये दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या प्रमोशनसाठी पेपर, कॉन्फरन्स वगैरे मोजायची पॉइंटची पद्धत आणली, 2016 मध्ये पीएचडीवाल्यांना थिसिस देण्याआधी एक जर्नल पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन सक्तीची केली. मग काय, ऐरोलीपासून खारघरपर्यंत आणि इकडे घोडबंदर रोडला ज्या कॉलेजच्या गेटवर बघावं तिथे 'आंतरराष्ट्रीय परिषद' असा फ्लेक्स. फी काही हजार रुपये, जेवण आणि सर्टिफिकेट धरून. परवडायची, हे खरंच, पण ऐकायला समोर कोण, तर आपलाच नंबर यायची वाट बघणारे. 2022 ला ती सक्ती गेली, फ्लेक्स अजून लागतात.

खऱ्या मोठ्या कॉन्फरन्स मुंबईत आल्याच नाहीत असं नाही. डेटाबेसवाल्यांची व्हीएलडीबी 1996 ला, भाषा-तंत्रज्ञानाची कोलिंग 2012 ला, प्रोग्रामिंग भाषांची पॉपल जानेवारी 2015 ला. अशा वेळी ठाण्याच्या पोराला लोकलच्या पासावर जाऊन रात्री घरी जेवायला येता येतं. विमान नाही, हॉटेल नाही, व्हिसा नाही. उरते फक्त रजिस्ट्रेशन फी, आणि खरी गोम तिथेच आहे.

बऱ्याच कॉन्फरन्समध्ये नियम असा, की स्वीकारलेल्या प्रत्येक पेपरमागे निदान एका लेखकाने पूर्ण दराने रजिस्ट्रेशन करायचं. म्हणजे वेबसाइटवर 'स्टुडंट' निवडलं की रक्कम झटकन निम्म्यावर येते, पोरगी खूश, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या रजिस्ट्रेशनवर पेपर धरला जाणार नाही. नुसतं ऐकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला सवलत आणि जिने दोन वर्षं घासून पेपर लिहिला तिला नाही, असा हा उफराटा न्याय. गाईडने भरावी अशी अपेक्षा असते, पण त्यासाठी गाईडकडे प्रोजेक्टचा पैसा हवा, आणि आपल्या बहुतेक खाजगी कॉलेजात तो नसतो.

आयोजकांची बाजू अगदीच पोकळ नाही. हॉटेलला कितीतरी महिने आधी खोल्यांची आणि जेवणाची हमी द्यावी लागते, तोटा झाला तर तो त्यांच्या गळ्यात, आणि पेपर पाठवून प्रेझेंटेशनला न फिरकणारे लोक पूर्वीही होते, म्हणून तर काही ठिकाणी न आलेल्यांचा पेपर डिजिटल लायब्ररीतून काढायचा नियम झाला. पेपरची संख्या हा बजेटमधला एकमेव पक्का आकडा, म्हणून फी त्यालाच बांधली. पण लेखक यावा हाच हेतू असेल तर विद्यार्थी-दरात आलेला लेखक चालायला काय हरकत होती? काही कॉन्फरन्समध्ये चालतोही, आणि त्या काही बुडाल्या नाहीत.

त्यात डॉलर. 2010 च्या सुमारास तो 45-46 रुपयांना होता, आता 85 च्या वर. सातशे डॉलर फी म्हटली की साठ हजारांच्या घरात जाते, वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात पैसे भरल्याचं बँकेचं जादा शुल्क. पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, जेआरएफ, 2023 पासून महिना 37,000 आहे, म्हणजे फी झाली दीड महिन्याहून जास्तीची फेलोशिप, आणि बी.ई.च्या पोरांना तर तीही नाही. बाबांचं कार्ड मागायचं, त्याची लिमिट पुरते का बघायचं. ट्रॅव्हल ग्रँट मिळाली तरी बऱ्याचदा पैसे कॉन्फरन्सहून परत आल्यावर, बिलं लावून मिळतात. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच ती मदत.

2020 च्या मार्चनंतर सगळंच ऑनलाइन गेलं. मशीन लर्निंगवाल्यांची आयसीएलआर त्या वर्षी इथिओपियात आदिस अबाबाला भरणार होती, कारण आधी कॅनडात वगैरे आफ्रिकेतल्या संशोधकांना व्हिसाच मिळत नव्हते. तीही स्क्रीनवर झाली. प्रोग्रामिंग भाषांचीच आणखी एक कॉन्फरन्स, पीएलडीआय, तर फुकट होती. नेरूळच्या घरात बसून लोकांनी रात्री दोनला टॉक ऐकले, काही आयोजकांनी तेच सेशन बारा तासांनी परत ठेवलं. मग हॉलही परत आले आणि हायब्रिडचा, म्हणजे हॉल आणि ऑनलाइन दोन्ही ठेवायचा, खर्च दुहेरी पडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन प्रेझेंटेशन बंद किंवा अपवादापुरतं झालं.

व्हिसावर मात्र थोडी हालचाल दिसते. आयसीएलआर 2023 ला रवांडात किगालीला झाली, मशीन लर्निंगच्याच न्यूरिप्सने 2025 ला सॅन डिएगोबरोबर मेक्सिको सिटीतही जागा ठेवली. फीच्या नियमाला तेवढा हात लागलेला नाही, त्यामुळे पेपर पाठवायच्या आधीच रजिस्ट्रेशनचं पान उघडून विद्यार्थी-दरात पेपर धरतात का ते बघून घ्या. अ‍ॅक्सेप्टचा मेल आल्यावर फी भरायला हातात थोडेच आठवडे असतात.