झोप येत नाही? मग अंथरुणात कमी वेळ घालवा

"झोप लागत नाही ना, मग जरा लवकर पडत जा" हा सल्ला मला एवढ्या जणांनी दिलाय की मोजणं सोडलं. ऐकायला एकदम पटतो आणि तिथंच सगळा घोळ आहे. मीपण दोन वर्षं तेच केलं, साडेनऊलाच आडवा व्हायचो, आणि मग रात्री 3 वाजता मोबाइल बघून वजाबाकी सुरू, आत्ता लागली तर साडेतीन तास, अर्ध्या तासाने परत बघितलं तर तीनच उरले. ही वजाबाकी ज्याने केलीय त्यालाच माहीत.

तर आधी झोप येते कशी ते बघू. शाळेत एटीपी शिकलो होतो ना, पेशीची ऊर्जा. मेंदू दिवसभर एटीपी खर्च करतो आणि ते मोडता मोडता अ‍ॅडेनोसिन नावाचा छोटा रेणू उरतो. जागं राहू तसतसा तो मेंदूच्या काही भागांत साठत जातो, तिथल्या रिसेप्टरवर (पेशीवरची, ठरावीक रेणू बसायची जागा) जाऊन बसतो आणि जागं ठेवणाऱ्या पेशींना हळूहळू गप्प करतो. हेच झोपेचं प्रेशर (एकटं अ‍ॅडेनोसिनच नाही, पण मोठा वाटा त्याचा). झोपलो की ते उतरतं. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलं की झोप दोन गोष्टींवर ठरते, एक हे साठणारं प्रेशर आणि दुसरं शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ.

कॉफी काय करते? कॅफिनचा रेणू दिसायला अ‍ॅडेनोसिनसारखाच, त्यामुळे तो त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतो पण काम काहीच करत नाही, म्हणजे रुमाल टाकून जागा अडवल्यासारखं. अ‍ॅडेनोसिन बिचारं बाहेर उभंच, आणि साठायचं काही थांबत नाही. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात (माणसागणिक बरंच कमीजास्त), म्हणजे संध्याकाळी 5 ची कॉफी रात्री 10 ला अर्धी आणि पहाटे 3 ला पाव शिल्लक. "मला कॉफीने काही होत नाही" म्हणणाऱ्यांनाही झोप लागते हो, पण हलकी लागते.

आता गोळ्या. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या, म्हणजे डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे, गाबा या मेंदूतल्या ब्रेकवर काम करतात. गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार, गाबा आला की उघडतं, क्लोराइड आत जातं आणि पेशी शांत होते. बेन्झो असलं की हे दार जास्त वेळा उघडतं. आधीच्या काळातले बार्बिट्युरेट ते दार जास्त वेळ उघडं ठेवायचे आणि डोस वाढला की गाबा नसतानाही उघडायचे, म्हणून त्यांचा ओव्हरडोस एवढा जीवघेणा. हे जरा किचकट झालं, पण मुद्दा एवढाच की गोळी ब्रेक दाबते, प्रेशर वाढवत नाही. बेन्झोने गाढ झोपेचा भाग उलट कमी होतो, सवय लागते, आणि अचानक बंद केली तर झोप आधीपेक्षा वाईट उडते, म्हणून बंद करतानाही डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू. झोल्पिडेमही त्याच दारावर काम करतं. 2013 साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) बायकांसाठी त्याचा सुरुवातीचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावला, कारण बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरतं आणि त्यात गाडी चालवायची म्हणजे धोकाच. नवीन औषधं उलट्या बाजूने जातात, जागं ठेवणारं ओरेक्झिनच अडवतात, त्यातलं पहिलं सुवोरेक्झंट 2014 साली मंजूर झालं. आणि मेलाटोनिन ही झोपेची गोळी नाहीच, ती घड्याळाला दिलेली "अंधार पडला" ही खबर आहे. जेट लॅगला ठीक, नेहमीच्या निद्रानाशात फरक थोडाच. मॅग्नेटवाल्या उशा आणि "गाढ झोपेच्या फ्रिक्वेन्सी"बद्दल तर मी बोलतच नाही, उशीत लोहचुंबक घातल्याने अ‍ॅडेनोसिन वाढत असतं तर फ्रिजला टेकून उभे राहिलो असतो.

मग उपाय काय, तर सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची, गोळ्यांशिवायची उपचारपद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली सांगितलं की जुनाट निद्रानाशात आधी हे करा, गोळ्या नंतर. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग 1987 साली आर्थर स्पिलमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला, झोपेवर रेशनिंग. समजा तुम्ही 10 ते 7 असे 9 तास अंथरुणात असता आणि झोप होते साडेपाच तास. मग अंथरुणात साडेपाच तासच राहायचं, 1 ते साडेसहा. दुपारची डुलकी बंद, सुट्टीच्या दिवशीही उठायचं तेव्हाच. प्रेशर असं साठतं की पडल्यावर झोप लागतेच, आणि अंथरुणातल्या वेळापैकी 85-90 टक्के झोप व्हायला लागली की 15-15 मिनिटं वाढवत न्यायची. 5 तासांच्या खाली मात्र जायचं नाही. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर असणाऱ्यांनी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आपल्या मनाने अजिबात करू नये.

जोडीला अजून एक नियम, वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं. नाहीतर मेंदू अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा हेच शिकून बसतो.

पहिला आठवडा भयंकर जातो हे आधीच सांगतो. चौथ्या रात्री साडेबाराला मी ओट्याला टेकून उभा होतो, डोळे मिटत होते, ग्लास हातातून निसटता निसटता वाचला, आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होतो, एक कधी वाजतो म्हणून.