कॅसल हिलचा उठाव: पार्श्वभूमी

सिडनीच्या वायव्येला १८०४ साली, ब्रिटिश वसाहतीत हद्दपार करून आणलेल्या कैद्यांनी केलेला उठाव २००४ मध्ये, द्विशताब्दीच्या निमित्ताने, प्रयोगाच्या रूपात पुन्हा उभा करण्यात आला. शनिवार-रविवारात बसवायला असा प्रसंग सोयीचा, कारण मूळ प्रकरणही तेवढ्यातच आटोपलं होतं. ४ मार्चला, रविवारी रात्री, कॅसल हिलच्या सरकारी शेतावर एक झोपडी पेटवून इशारा दिला गेला आणि सोमवारी दुपारपर्यंत उठावाचा कणा मोडला. हॉक्सबरी नदीकाठच्या लोकांना सोबत घेऊन पॅरामाटा आणि सिडनी गाठायचं, मग जहाज धरून घरी, असा बेत होता. हॉक्सबरीला निरोपच पोचला नाही.

नावाचा घोळ जुना आहे. या उठावातल्या चकमकीला ‘व्हिनेगर हिलची लढाई’ही म्हणतात, पण मूळ व्हिनेगर हिल आयर्लंडच्या वेक्सफर्डमध्ये. तिथे २१ जून १७९८ ला बंडखोर हरले आणि आयरिश बंडातले बरेचजण काळ्या पाण्यावर इकडे आले. इथल्या टेकडीलाही तेच नाव चिकटलं. पाव तासाच्या गोळीबाराला ‘लढाई’ म्हणावं का, हा वाद वेगळा. जागाही नक्की नाही. स्मारक सध्या एका दफनभूमीत आहे.

प्रयोगाची खरी अडचण मात्र बोलणीच्या प्रसंगाची. सैनिक तिशीच्या आतबाहेर, सोबत काही स्वयंसेवक; समोर दोनशेच्या वर कैदी, हातात भाले आणि घरं लुटून आणलेल्या बंदुका. रात्रभर कूच करून आलेल्या सैनिकांच्या प्रमुखाने, मेजर जॉर्ज जॉन्स्टनने, वेळ काढायला आधी एका कॅथलिक पाद्र्याला पुढे केलं, मग बंडाच्या दोन म्होरक्यांना बोलणीसाठी पुढे बोलावलं. काय हवंय, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘मरण किंवा स्वातंत्र्य’. तेवढ्यात मेजरने आणि त्याच्या घोडेस्वाराने दोघांच्या डोक्याला पिस्तुलं लावली आणि मागून येणाऱ्या तुकडीला गोळीबाराचा हुकूम मिळाला. किमान १५ कैदी पडले. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मेजरने हे लपवलं नाही. काहीजण याला प्रसंगावधान म्हणतात. मराठीत याला दगा म्हणतात.

प्रयोगात नुसती दारू ठासून, गोळी न घालता बार काढतात. धूर भरपूर होतो आणि प्रेक्षक खूश होतात. पिस्तुलाचा तो क्षण मात्र धुराआधीचा. तो घाईत उरकला की बाकी सगळी नुसती आतषबाजी.

त्या दोघांपैकी जखमी झालेल्या एका म्होरक्याला खटला न चालवताच सरकारी कोठाराच्या जिन्यावर फाशी दिली. एकूण नऊ जण फासावर गेले. आणि मेजर? २६ जानेवारी १८०८ ला त्यानेच फौज नेऊन वसाहतीच्या गव्हर्नरला कैद केलं. तेही बंडच, आणि ते यशस्वी झालं. १८११ मध्ये लंडनला लष्करी खटला चालला, नोकरी गेली, आणि तो परत येऊन सिडनीजवळच्या आपल्या जमिनीवर राहिला.